सकाळचा पहिला पेशंट

मला आजही दिवसातल्या पहिल्या पेशंटची भीती वाटते. शटर वर ढकलायचं, पंखा लावायचा, दोन खुर्च्या मांडायच्या आणि वाट बघायची.  दुपारच्या पेशंटची ती वाटत नाही. याचं कारण मला ठाऊक आहे. ते मला चारचौघींत हसत हसत सांगितलं गेलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. राग आणि भीती एकाच प्रसंगात अडकलेली आहेत, म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते. ज्या घरातली ही गोष्ट आहे त्या घराला विचारलं आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

मी मानसोपचार करते. गोळ्या लिहून देणारी डॉक्टर नाही, बोलून उपचार करणारी. माझा गाळा बदलापूर पश्चिमेला आहे, शेजारी झेरॉक्सवाला आणि वर ट्युशन क्लास. त्याआधी बरीच वर्षं मी उल्हासनगरला, कॅम्पातल्या बाजारात ड्रेस मटेरियल विकलं. आधी एका सिंधी सेठच्या दुकानात उभी राहून, मग स्वतःच्या चिमूटभर जागेत बसून. बी.ए. आणि एम.ए. दोन्ही दुकानातच झालं. गिऱ्हाईक नसलं की कापडाच्या ठाणाखालून पुस्तक काढायचं, आलं की पुस्तकावर ठाण उलगडायचं. मला कोणी हाताला धरून शिकवलं नाही, त्यामुळे कोणी शिकवायला आलं की मी आधी मनात भाव करते. हा काय देणार, आणि त्याच्या बदल्यात माझ्याकडून काय काढून नेणार?

बाजाराने मला पुष्कळ शिकवलं. गिऱ्हाईक कापडाला हात लावतं तेव्हा बोटं काय करतात ते बघावं. तोंडाने "नको" म्हणताना पाय बाहेर वळलेत की आतच आहेत ते बघावं. भाव सांगितला की गप्प बसावं. आणि या सगळ्याच्या आधी बोहनी. माझी आई तिला भवानी म्हणायची. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही. चार पैसे कमी आले तरी चालतील, पण त्याच्याशी वाद नको, त्याच्यापुढे अभद्र बोलणं नको, मरणाधरणाचा विषय नको. सेठ गल्ल्याला अगरबत्ती ओवाळता ओवाळता बजावायचा, "बेटी, पहला ग्राहक झगडके गया, तो शाम तक झगडा ही आएगा." हे मी कधी शिकले ते मला आठवत नाही. जेवायला कधी शिकलो हे कुठे आठवतं?

मानसोपचाराचं प्रमाणपत्र मिळालं, गाळा घेतला, पाटी लावली, आणि मग कळलं की आपल्याला काही येत नाही. पुस्तकातला पेशंट प्रश्नाला उत्तर देतो. गाळ्यातला पेशंट पंख्याकडे बघतो. मी घाबरले की सल्ले द्यायचे, फार घाबरले की फार द्यायचे. माझ्याच ओळखीची, उल्हासनगरची एक सिंधी बाई याच धंद्यात होती. तिने मला अंबरनाथला एका सरांकडे नेलं. सर म्हातारे, पुण्याहून निवृत्त होऊन मुलीजवळ राहायला आलेले. त्यांच्या घरी पंधरवड्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही चौघीजणी जमायचो. आपापली कामं सरांना दाखवायची, ते चुका काढणार. या व्यवहाराला सुपरव्हिजन म्हणतात.

सरांची पद्धत विचित्र होती. "सेशनमध्ये काय झालं ते मला सांगू नका," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "सांगताना माणूस काच पुसून सांगतो." पेशंटची लेखी परवानगी घेऊन सेशन रेकॉर्ड करायचं आणि ते आणायचं. त्यातला पाच-सात मिनिटांचा तुकडा ते लावत, मध्येच थांबवत आणि विचारत, "इथे तुम्हाला काय झालं?" पेशंटला काय झालं, हा प्रश्न नंतर. आधी आपल्याला. स्वतःचा आवाज असा ऐकणं म्हणजे लोकांसमोर आपलीच अंथरुणं झटकण्यासारखं. मग ते म्हणत, "आता हेच दुसऱ्या तऱ्हेने म्हणून बघा." म्हटलं की, "पुन्हा." पुन्हा म्हटलं की, "आता घाई न करता." गाणं शिकवणारा एकच पलटा घोटून घेतो तसं ते एकेक वाक्य घोटून घेत. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, इतकी वर्षं काम केल्यावर हे आपोआप येतंच की." ते म्हणाले, "वर्षांनी काही येत नाही, बाई. एकच चूक वीस वर्षं केली तर ती चूक फक्त पक्की होते."

एका शनिवारी त्यांनी मरणाचा प्रश्न घोटून घेतला. खचलेल्या माणसाला स्पष्ट विचारावं लागतं की मरायचा विचार येतो का. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. असलाच तर माणसाला वाटतं की चला, कोणीतरी हे ऐकून घ्यायला तयार आहे. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मनात काही वेडंवाकडं तर येत नाही ना?"

सरांनी भुवया वर केल्या. "दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाला 'आणखी काही नको ना?' असं विचारत होतात का?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. हा टोला खरा होता. दुकानात मी "आणखी काय दाखवू?" असं विचारायचे. म्हणून मग मी सरळ विचारलं, "तुम्ही मरायचा विचार करताय का?" सर म्हणाले, "ही धमकी झाली." पुन्हा. "ही चौकशी झाली, पोलिसाची." पुन्हा. शब्द तेच राहिले, आवाज बदलत गेला, आणि शेवटी त्यांनी मान डोलावली. त्या खोलीत, चहाच्या कपांमध्ये, मला तो प्रश्न आला.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते झालं. सरांनी माझी बरीच रेकॉर्डिंगं घरी ऐकली होती. चष्मा पुसत ते म्हणाले, "मला एक गंमत दिसली. तुमची सकाळची पहिली सेशन्स नेहमी गोड संपतात. काहीतरी ठरतं, पेशंट आभार मानतो आणि जातो. दुपारची तशी संपत नाहीत. दुपारी तुम्ही चांगलं काम करता. सकाळी काय होतं तुम्हाला?"

मी विचार करतच होते, तेवढ्यात माझ्या सिंधी मैत्रिणीने टाळी वाजवली. "सर! अहो ही बोहनी करते, बोहनी! पहला ग्राहक खाली हाथ नहीं जाने का!"

सरांना बोहनी माहीत नव्हती. तिने नक्कल करून समजावली, अगरबत्तीसकट. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे सकाळचा पेशंट बरा होऊनच बाहेर पडला पाहिजे! सौदा पक्का!" दुसरी एक म्हणाली, "मग माझं नाव सकाळी लिही गं, मलाही स्वस्तात बरं कर." हसणं काही थांबेना.

मी उठले. "सर, मी कापड विकलं, ते उजेडात विकलं. तुमच्याकडे लोकांची फजिती हाच माल आहे का?" आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले. मैत्रीण मागे धावत आली, "अगं साईं, मस्करी केली!" मी म्हटलं, "तुझ्या दुकानात कर."

मी जाणं बंद केलं. सरांचा फोन आला नाही. माझी तक्रार अशी होती आणि आजही आहे: त्यांना माझी चूक दिसली, ती त्यांनी दाखवली, पण तिच्या जागी काय करायचं ते घोटून घेतलं नाही. एरवी वाक्य घोटून घेणारा माणूस त्या दिवशी फक्त हसला. मुंबई-पुण्याच्या कॉलेजातून आलेल्या बाईवर असा हसला असता का? मला नाही वाटत.

त्या काळात माझ्याकडे एक माणूस येत होता. पन्नाशीचा, बदलापूर गावातल्या जुन्या शेतकरी घरातला. त्याच्या भाताच्या खाचरांवर आता इमारत आहे आणि त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर तो राहतो. चौथ्या मजल्यावर धाकटा भाऊ. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "आमची लिफ्ट हाय ना ताई, तिथं आमच्या खाचराचा बांध होता. मी रोज बांधावरून वर जातो." जमीन देताना त्याने बिल्डरशी इतकी घासाघीस केली होती की बिल्डरने शेवटी स्वतः यायचं सोडून म्हाताऱ्या बापाला बोलणी करायला पाठवलं. "बापाला तरी लाज वाटंल म्हनून," तो सांगायचा आणि हसायचा. पुढे सगळं मिळालं, करायला काही उरलं नाही, वांगणीच्या जमिनीच्या उरलेल्या तुकड्यावरून भावाशी अबोला झाला, आणि याची झोप गेली. जेवण गेलं. बायकोने माझ्याकडे आणून बसवलं.

आमचं जमलं, कारण आम्ही दोघेही बाजारातले. मी म्हटलं रोज चाला, तर तो, "एक दिसाआड करा." मी म्हटलं झोपेसाठी डॉक्टरांना दाखवा, तर तो, "फुडल्या महिन्यात बघू." एकेका गोष्टीवर तास जायचा. मला त्याचा वैताग यायचा आणि तो आवडायचाही. त्याला शनिवारची वेळ हवी होती, सकाळची, गाळा उघडताच. तो माझा पहिला पेशंट होता. खचलेला होता हे मला दिसत होतं. मरणाबद्दल मी त्याला कधीच विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारू, असं दर वेळी ठरवायचे.

त्या शनिवारी तो आला तेव्हा दाढी केलेली होती, शर्टाला इस्त्री. म्हणाला, "हलकं वाटतं ताई." वांगणीचा तुकडा भावाला देऊन टाकला होता, भावाने मागितला तेवढा सगळा. मी म्हटलं, "वा! मोठं मन केलंत." झोप? "येते आता." रोज चालाल? "चालंल." डॉक्टरांना या आठवड्यात दाखवाल? "चालंल ताई, तुमी म्हनाल तसं." जाताना दारात त्याने हात जोडले, जे आधी कधी केलं नव्हतं. "लई केलंत तुमी माझ्यासाठी." मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी भेटू." तो हसला आणि गेला. मी खूश होते.

दुपारच्या एका पेशंटने येणं रद्द केलं. मी शटर अर्धं ओढलं, डबा उघडला आणि सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. शिकण्यासाठी लावलं असं म्हणणार नाही. हे सेशन सरांना ऐकवायचं, बोहनीची चेष्टा करता ना, ऐका बोहनीने काय होतं, असा बेत होता. कुठला तुकडा त्यांना लावून दाखवावा ते शोधायला बसले. त्यांच्या कानाने ऐकायला लागले.

आधी ऐकू आला माझा आवाज. घाईत असलेला, गोड. मग त्याचा. "चालंल." थोड्या वेळाने परत, "चालंल." मी थांबवून मागे नेलं. एक दिवसाआड नाही, पुढच्या महिन्यात नाही. बिल्डरच्या बापाला घाम फोडणारा माणूस माझ्या एकाही गोष्टीवर भाव करत नव्हता.

दुकानात अशी गिऱ्हाइकं मी शेकड्यांनी बघितली होती. सांगितलेल्या भावाला लगेच मान डोलावतात, "छान आहे, देऊन टाका" म्हणतात, आणि "एटीएममधून आलेच" म्हणून जातात. ती येत नाहीत. ज्याला घ्यायचं असतं तो भांडतो. अशा गिऱ्हाइकाची पाठ वळायच्या आत मी कापडाची घडी घालायला घ्यायचे, इतकं ते मला कळायचं. आणि आज सकाळी तेच माझ्या पुढ्यात बसलं होतं आणि मी त्याला शाबासकी दिली.

मी डबा बाजूला सरकवला. जमीन वाटून झाली. भावाशी भांडण मिटवून झालं. हात जोडून झाले.

मी त्याला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला.  उपचार सुरू करतानाच मी प्रत्येकाला सांगते की इथलं बोलणं इथेच राहील, पण जीवाला धोका दिसला तर मी घरच्यांना कळवणार. त्यासाठी त्याच्या बायकोचा नंबर होता. तिने लगेच उचलला. मागे बाजाराचा गलका.

"ताई, आमी सगली उल्हासनगरला. पोरीच्या लग्नाची खरेदी."

"ते कुठे आहेत?"

"घरी. त्यांनीच सगल्यांना धाडलं. म्हनाले गाडी घेऊन जा, सावकाश या, घाई नको." मग ती थांबली. "का वो?"

मी सांगितलं. मला त्यांची काळजी वाटते आहे, ते आत्ता एकटे असता कामा नयेत, दिराला फोन करून वर पाठवा, त्यांच्याशेजारी बसायला सांगा, मी निघालेच आहे. ती म्हणाली, "दीर आताच कुठं बोलाया लागलेत..." मी ओरडले, "वहिनी, आधी फोन लावा!"

रिक्षात भाडं न विचारता बसायची माझी ती पहिलीच वेळ असेल. स्टेशनजवळ सगळं अडकलेलं. मी पुढे वाकून "अहो चला ना, चला ना" करत होते. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, पंख नाय हो रिक्षाला. बसवू का पुढच्या टायमाला?" मी गप्प बसले. भीती खरी असली की राग येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी किती चिडकी आहे हे माझ्या घरच्यांना विचारा, पण त्या रिक्षात माझ्यात रागाचा कणही नव्हता. बायकोचा उलट फोन येत नव्हता. मी सरांचा नंबर लावला.

मला वाटलं होतं की टोमणा येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे?"

"भावाला पाठवलंय. पोचला की नाही माहीत नाही."

"तुम्ही मरणाचं विचारलं होतंत?"

"नाही."

"का?"

"सकाळ होती, सर."

ते हसले नाहीत.  मग म्हणाले, "जा आणि विचारा. विचारलं की गप्प बसा. काही दुरुस्त करायला जाऊ नका. इथे अंबरनाथला माझ्या ओळखीचे मनोविकाराचे डॉक्टर आहेत, त्यांना मी सांगून ठेवतो, आजच घेऊन या."

इमारतीच्या लिफ्टमध्ये मी एकटी होते. चौथा मजला गेला, पाचवा गेला, आणि मला वाटलं की दार उघडूच नये. वर पोचले तर फ्लॅटचं दार सताड उघडं. दाराबाहेर चपला उलट्यासुलट्या पडलेल्या. आत भाऊ उभा होता, कपाळ घामाने भिजलेलं. "दार उघडत नव्हता," तो कुजबुजला. "लई हाका मारल्या, लाथा मारल्या, तवा उघडलं."

तो सोफ्यावर बसला होता. सकाळचाच शर्ट. माझ्याकडे बघितलं नाही.

"कोनी बोलावलं तुमाला?"

"कोणी नाही. मीच आले." मी त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसले. सरांच्या घरी घोटलेलं वाक्य तोंडात आलं आणि आवाज फाटला. तरी विचारलं. "तुम्ही मरायचा विचार करताय का?"

भाऊ एकदम पुढे आला, "अरे येड्या..." मी हाताने त्याला थांबवलं. मग मी गप्प बसले. भाव सांगून गप्प बसायचं मला आयुष्यभर येत होतं, पण तिथे मला हरायची भीती नसायची. इथे प्रत्येक क्षणी वाटत होतं की काहीतरी बोलावं, लेकीच्या लग्नाची आठवण द्यावी, शपथ घालावी. सगळं जिभेवर येत होतं आणि मी ते मागे ढकलत होते. खालून कुठून तरी प्रेशर कुकरची शिट्टी आली.

"व्हय," तो म्हणाला.

मग म्हणाला, "सगलं वाटून झालं. आता हितं माझं काय काम हाय?"

 मी म्हटलं, "कधीपासून असं वाटतंय?" तो बोलायला लागला, तुटक तुटक, आणि भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. ते बोलणं मी इथे लिहिणार नाही. ते संपल्यावर मी म्हटलं की आत्ता आपण तिघं अंबरनाथला डॉक्टरांकडे जातोय.

"आज नको. सोमवारी."

"आज."

"पोरीचं लगीन होऊ द्या. मंग तुमी म्हनाल तिथं येतो."

"आज."

"बरं. पन बायकोला सांगायचं नाय."

"सांगून झालंय."

त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. डोळे लाल, पण त्यांत धार होती. "लई बेरकी हायस तू."

"तुमच्याइतकी नाही."

"चा पिऊन जाऊ."

"चहा पिऊन चालेल," मी म्हटलं.   भावाने चहा केला, साखर घालायला विसरला, आणि आम्ही तिघं तो तसाच प्यायलो.

औषधं सुरू झाली. ती बायकोच्या ताब्यात राहतील असं ठरलं. भाऊ रात्री वर झोपायला यायला लागला. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, लक्ष ठेवा. मी सरांकडे परत गेले. ते रेकॉर्डिंग मी स्वतः लावलं, पहिल्या "चालंल"पासून जोडलेल्या हातांपर्यंत. कोणी हसलं नाही. सिंधी मैत्रिणीने पदर तोंडाला लावला. मी सरांना सगळ्यांसमोर म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही हसला नसतात तर मी येत राहिले असते. मरणाचा प्रश्न मी इतका लांबवला नसता."

सर म्हणाले, "असेल. पण मी हसलो नसतो, तर मला खोटं पाडण्यासाठी तुम्ही त्या दुपारी ते ऐकलं असतंत का?"

माफी म्हणून ते एवढंच. त्याचाही मला राग आहे. पण मी जात राहिले, कारण मला शिकायचं होतं आणि त्यांच्याकडे माल होता. या वेळी मी अट घातली: नुसती चूक दाखवायची नाही, तिच्या जागी काय ते घोटून घ्यायचं. त्यांनी ती मानली. तेव्हापासून मैत्रीण आणि मी आठवड्यातून एकदा माझ्या गाळ्यात सकाळी, शटर उघडताच बसतो. ती पेशंट होते, मी विचारते. ती पक्की नाटकी आहे. हात जोडते, डोळे पुसते, "चलेगा साईं, सब चलेगा" म्हणते, आणि कुठल्या "चलेगा"मागे काही नाही ते मी ओळखायचं. चुकले की म्हणते, "गेलं तुझं गिऱ्हाईक." मरणाचा प्रश्न आम्ही मुद्दाम अगदी सुरुवातीला घेतो. अजून एखाद्या दिवशी मी अडखळते. आईचा चेहरा डोळ्यांपुढे येतो: अगं, भवानीच्या वेळी काय बोलतेस हे?

माझा तो पहिला पेशंट परत आला, शनिवारीच, सकाळीच. दाढी वाढलेली, आणि रागाने धुमसत. "माझ्या भावापुढं माझी अब्रू काढलीस," बसायच्या आधीच तो म्हणाला. "घरात मला लहान पोरासारखं वागवतात. गोली दिली की तोंड उघडून बघतात. कोनी सांगितलं होतं तुला?" मी ऐकत राहिले. "सॉरी" म्हणून हे थांबवता आलं असतं. "सगळं ठीक होईल" असं म्हणून तर लगेच थांबवता आलं असतं, मला ते फार चांगलं जमतं. मी म्हटलं, "राग बरोबर आहे. मी तरीही परत तसंच करीन." तो आणखी चिडला. म्हणाला, "माझी वेळ बदला. दुपारची करा. सकाळी तुमचं तोंड बघून दिवस वाया जातो."

खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. दुपारी मी बरी असते. पण सकाळी त्याला उठून, अंघोळ करून घराबाहेर पडावं लागत होतं, आणि डॉक्टरांनाही तेच हवं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सकाळचीच."

"मंग मी येनार नाय."

 दार उघडं होतं. तो उठून जाऊ शकत होता, आणि गेला असता तर काय झालं असतं ते मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. मी विचारलं, "आज मरायचा विचार आहे का?"

आवाज बऱ्यापैकी सरळ आला.

 बाहेर झेरॉक्सवाला कोणाला तरी ओरडत होता. "आज नाय," तो म्हणाला.

"बरं."

"दर टायमाला हेच इचारनार काय?"

"हो."

"कवापर्यंत?"

"माहीत नाही."

"वैताग हाय नुसता." तो म्हणाला, पण उठला नाही. खिशातून रुमाल काढून मान पुसली. "पंखा वाढवा. आनि भावानं काल काय केलं ते आइका, मंग सांगा मला राग येनार का नाय."

मी उठून पंखा वाढवला.